तेलाची पाचर

कॉलेजातली मुले तासाला दांडी मारतात, यात कुणाला नवल वाटत नाही. पण मराठीच्या मास्तरानेच शनिवारचे दोन तास सोडून दांडी गाठली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये बराच हशा पिकला. ही दांडी म्हणजे १९३० साली महात्माजींनी जिथे मीठ उचलले ती नव्हे; ती गुजरातेत, नवसारीच्या बाजूला. आमची दांडी पालघर तालुक्यातली. बोईसरहून पश्चिमेला समुद्राची वाट धरली की ती लागते. खाडी, होड्या, सुकत घातलेले बोंबील आणि उत्तरेकडे तारापूरचे अणुवीज केंद्र, असा तिचा शेजार.

मला तिथे बोलावले होते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. बी. ए. झाला, दोन वर्षे नोकरीसाठी हिंडला आणि शेवटी वडिलांच्याच बोटीवर इंजिन सांभाळू लागला. त्याने फोनवर एवढेच सांगितले, “सर, बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही एकदा या.”

हकीकत अशी होती. २०२३ सालच्या जून-जुलैत, मासेमारीच्या पावसाळी बंदीत, बोटीचे इंजिन उघडून दुरुस्त करून घेतले होते. ऑगस्टात बोट पाण्यात गेली, दोन महिने ठीक चालली. दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना भर समुद्रात इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि थोड्याच वेळात ते जाम झाले. रात्रभर बोट लाटांवर वाहत राहिली. सकाळी गावच्याच दुसऱ्या बोटीने दोर टाकून तिला ओढून आणले. बर्फ वितळला, मासळी गेली, सोसायटीचा हप्ता थकला. इंजिन उघडले तर आतले बेअरिंग जळलेले! तांडेलांनी चारचौघांत मुलाकडे बोट दाखवले: “याने तेल पाहिले नाही. याने माझी बोट बसवली.” मुलगा शपथ घेऊन सांगत होता की तेल भरले होते. टाकीत तेल निघालेही होते. पण “मागाहून ओतले असेल,” असे बापाने म्हटल्यावर पोराने कुठला पुरावा द्यावा?

(तांडेलांची मांगेली बोली मला जशीच्या तशी उतरवता येणार नाही, म्हणून त्यांचे बोलणे मी आपल्या पांढरपेशी मराठीत देतो आहे. त्यात त्याची धार बरीच बोथट झाली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

मी काय करणार होतो, देव जाणे! बेअरिंग म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सायकलच्या चाकातल्या छर्‍यासारख्या गोळ्या येत. इथे तर गोळ्यांचा पत्ताच नव्हता. विद्यार्थ्याने माझ्या हातात दोन वाकवलेल्या पट्ट्या ठेवल्या. आपली नळीची कौले असतात ना, त्यांची खेळण्यातली प्रतिकृती म्हणावी तशा! एक खाली, एक वर, आणि त्या दोहोंच्या मिठीत इंजिनाचा पोलादी दांडा फिरतो. खालची पट्टी पार फासटून गेली होती. लोणी सुरीने ओढावे तसा तिचा मऊ धातू एका बाजूला ओढला गेला होता. त्या पट्ट्या मी वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि घरी आलो.

आमच्या शेजारी एक काका राहतात. उभा जन्म त्यांनी वीजकेंद्रातल्या मोठमोठ्या टर्बाइनांच्या सोबतीत काढला आणि आता झोपाळ्यावर बसून शब्दकोडी सोडवतात. अडलेल्या शब्दासाठी त्यांना माझी गरज पडते, त्यामुळे आमचा घरोबा आहे. काकांनी पुडके उघडले, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्ट्या डोळ्यांशी धरून ते बराच वेळ गप्प राहिले. मग काकूंना हाक मारून म्हणाले, “अहो, एक लाटणे आणि तुमची एक बांगडी द्या पाहू!”

काकूंनी लाटणे दिले. बांगडी देताना मात्र “काचेची आहे हो,” असे बजावले.

काकांनी लाटणे आडवे धरून त्यात बांगडी अडकवली, आणि ती घट्ट धरून लाटणे तिच्या तळाशी टेकवले. “हे लाटणे म्हणजे तुमचा दांडा, ही बांगडी म्हणजे बेअरिंग. दांडा थांबलेला असतो तेव्हा असा तळाला टेकून बसतो. आता दोहोंच्या मधली फट पाहा. खाली काहीच नाही, वर सर्वांत जास्त, आणि दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली. चंद्रकोरच की नाही? या कोरीत तेल भरले आहे असे समजा आणि दांडा फिरवा. तेल दांड्याच्या अंगाला चिकटते आणि त्याच्याबरोबर ओढले जाते, रुंद जागेतून अरुंद जागेकडे. तिथे ते मावत नाही. मागचे तेल पुढच्याला रेटते, दाब वाढतो, आणि तो दाब दांड्याला तळापासून उचलून धरतो. सुतार ओंडक्याखाली पाचर ठोकून ओंडका उचलतो ना, तशी ही तेलाची पाचर. दांडा स्वतःच स्वतःखाली ती ठोकत असतो.”

“म्हणजे लोखंडाला लोखंड लागतच नाही?”

“चालू असताना लागता कामा नये. लागले की हे असे होते.”

मला बैलगाडीचे वंगण आठवले. आखाला वंगण घातले नाही तर गाडी कुरकुरते, हे लहानपणापासून ठाऊक. आणि तेलाचे काम म्हणजे निसरडेपणा आणणे, एवढीच माझी समजूत. काका म्हणाले की गाडीच्या चाकापुरती ती बरोबर आहे. चाक इतके सावकाश फिरते की पाचर तयारच होत नाही. तिथे वंगण नुसते मध्ये लेपून राहते. इंजिनाचा दांडा मिनिटाला हजार-पंधराशे फेरे घेतो, तेव्हा तो तेलावर अक्षरशः तरंगतो. संस्कृतात तेलाला आणि मायेला दोघांनाही ‘स्नेह’ म्हणतात, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यावर काकांनी फक्त “हं” केले.

ही पाचर सापडली कशी, ती कथा मोठी मजेची आहे. १८८३ साली लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशां टॉवर नावाचा इंग्रज रेल्वेच्या डब्यांच्या आखावर प्रयोग करीत होता. डब्यांत भार वरून येतो, म्हणून पितळेचे अर्धे बेअरिंग आखाच्या डोक्यावर बसवलेले असते. तेल घालण्यासाठी टॉवरने बेअरिंगच्या अगदी माथ्यावर अर्ध्या इंचाचे भोक पाडले. आख फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून बाहेर येऊ लागले! त्याने बूच ठोकले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावले. त्यावर चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत आकडे होते. काटा शेवटाला जाऊन थांबला. आखावरच्या वजनाच्या हिशेबाने सरासरी दाब मात्र फक्त १०० पौंड होता. तेलाच्या पडद्यात असा दाब दडलेला आहे, हे तोवर कुणाच्या गावीही नव्हते. पुढे मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातले प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या सगळ्याचे गणित मांडले. आजही जगभर बेअरिंगे त्याच समीकरणावरून आखली जातात.

“आणि भोक बुजवल्यावर?” मी विचारले.

“बुजवल्यावरच तर ते बेअरिंग खरे काम करू लागले! जिथे दाब सर्वांत जास्त, नेमके तिथेच भोक पाडून त्याने तो दाब सोडून दिला होता. आता ही तुमची पट्टी पाहा.”

मी पाहिली. फासटलेल्या धातूखाली, नीट निरखल्यावर, कानशीने पाडलेली एक खाच दिसत होती. पट्टीच्या बरोबर मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या दोन्ही अंगांना तिरक्या फुल्याही मारलेल्या होत्या. वरच्या पट्टीतही खाच होती, पण ती कारखान्यातूनच आलेली, सफाईदार.

“वरच्या पट्टीत खाच असतेच,” काका म्हणाले. “तिथून तेल आत येते. इंजिनात स्फोटाचा दणका दांड्याला खाली दाबतो, म्हणून भार येतो खालच्या पट्टीवर. वरची मोकळी असते, तिथे खाच पाडली तर बिघडत नाही. खालची मात्र आरशासारखी साफ हवी. इथे कुणीतरी ‘तेल जास्त जाऊ दे’ म्हणून खालीही खाच पाडली आहे. तेल जास्त गेले नाही; पाचरीतून निसटून मात्र गेले.”

इथे मी एक मास्तरी शंका काढली. खाच ती केवढी? बेअरिंगच्या रुंदीचा फार तर सहावा भाग. मग ताकदही सहाव्या भागानेच कमी व्हायला हवी की नाही?

काका हसले. काकूंनी चहाबरोबर आणलेल्या ताटलीतली भाकरी उचलून त्यांनी तिचे दोन तुकडे केले. “भाकरीचे दोन तुकडे केले तरी भाकरी तेवढीच राहते. बेअरिंगचे तसे नाही. तेल दोन्ही कडांनी सतत गळत असते. कडेशी दाब शून्य, मध्यभागी सर्वांत जास्त. आखूड बेअरिंगाची भार पेलण्याची ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी नव्हे, आठवा हिस्सा राहते. मधून खाच पाडली की एका बेअरिंगची निम्म्या रुंदीची दोन झाली. दोन आठवे हिस्से मिळून किती?”

“पाव,” मी म्हणालो. गणितात मी एवढा कच्चा नाही.

“पाऊण ताकद कानशीच्या चार फटकाऱ्यांत गेली! आणि त्या फुल्यांनी उरलेल्या पावाचीही वाट लावली.”

मग त्यांनी फटीचे गणित सांगितले, तेही असेच चक्रावून टाकणारे. दांडा आणि बेअरिंग यांच्यात किती मोकळीक असावी? जुना ठोकताळा असा की व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. दांडा ५० मिलिमीटरचा असेल तर फट ०.०५ मिलिमीटरची. वहीच्या पानाची जाडी धरा एक दशांश मिलिमीटर, तिच्याही निम्मी! ती फट निम्म्यावर आणली तर तेच तेल अंदाजे चौपट भार पेलते. मग सगळेच घट्ट का बसवत नाहीत? कारण घासणीची उष्णता दुप्पट होते आणि ती वाहून नेणारे तेल निम्मेच वाहते. म्हणजे तापणेही चौपट. तापलेले तेल पातळ होते, दांडा फुगतो, आणि एके दिवशी बेअरिंग त्याला आवळूनच धरते. उलट फट सैल ठेवली तर पाचर फार उघडी पडते, तेल कडांनी पळते आणि दांडा ठोके देऊ लागतो. काका म्हणाले, चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री यांच्यात अंतर असते ते एवढ्याच, मिलिमीटरच्या काही शतांशांचे.

मला ते ऐकताना आमच्या व्याकरणातल्या अनुस्वाराची आठवण झाली. असो.

“पण याने मुलाचा निर्दोषपणा कसा सिद्ध होतो?” मी मूळ मुद्द्यावर आलो. “तांडेल म्हणतील, खाच होती हे खरे, पण तेलही नव्हते.”

“बाकीची बेअरिंगे कशी आहेत?”

मी तिथल्या तिथे विद्यार्थ्याला फोन लावला. इंजिनाच्या त्या दांड्याला अशी आणखी बेअरिंगे होती. ती सगळी शाबूत होती. खाच फक्त मधल्या बेअरिंगला पाडली होती, कारण आधीच्या मोसमात तेवढेच जरा तापत असे. शिवाय या जळलेल्या बेअरिंगचीही वरची पट्टी जवळजवळ नवी दिसत होती.

काकांनी टाळी दिली. “झाले तर! तेल संपले असते तर सगळी बेअरिंगे जळाली असती, आणि या एका जागी वरची पट्टीही सुटली नसती. सगळ्यांना एकाच पंपाचे तेल होते. जळली ती फक्त खाच पाडलेली पट्टी. याहून निराळा साक्षीदार तुम्हाला कशाला हवा?”

वाचकांपैकी काहींना मिस्त्रीचा राग आला असेल. मलाही आला होता. काकांना आला नाही. सावकाश फिरणाऱ्या यंत्रांत, जिथे पाचर बनत नाही, तिथे अशा फुल्या मारणे शहाणपणाचेच असते. त्यांत वंगण साठून राहते. कित्येक जुने कारागीर तीच रीत शिकून आले. वडाची साल पिंपळाला लावली, एवढाच अपराध. होडीच्या पंख्याचा दांडा जिथून समुद्रात जातो तिथे तर कित्येकदा रबराचे बेअरिंग असते आणि त्याला मुद्दाम लांब खाचा ठेवलेल्या असतात. तिथे वंगण म्हणून समुद्राचे पाणीच चालते, आणि त्या खाचांतून वाळू व गाळ वाहून जातो.

निघता निघता मी सहज म्हणालो, “एकूण बेअरिंग जितके गुळगुळीत आणि जितके गोल तितके चांगले, असेच ना?”

“गुळगुळीत खरे; गोलाचे मात्र सांगता येत नाही!” काका पुन्हा झोपाळ्यावर बसले, म्हणून मीही बसलो. “बांगडी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. लाटणे बरोबर मध्यभागी आले तर फट सगळीकडे सारखी. मग निमुळती जागा कुठली, आणि पाचर कुठली? भार पेलायचा तर दांड्याने मध्यापासून थोडे ढळलेलेच असावे लागते. हलका भार आणि अफाट वेग असला की दांडा मध्याच्या फार जवळ येतो आणि मग तेलच त्याला गरागरा फिरवू लागते. दांडा स्वतःभोवती फिरतो ते निराळे. हा त्याच्यावर आणखी एक झोका. तेलाचा थर सरासरीने दांड्याच्या निम्म्या वेगाने वाहतो, म्हणून हा झोकाही निम्म्याहून जरा कमी वेगाचा असतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या न्यूकर्क आणि टेलर या दोघांनी १९२५ साली तो ओळखून लिहून ठेवला. तुमच्या दांडीहून दिसते ना ते तारापूर? तिथल्या १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांची उभारणी याच कंपनीने केली. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र.”

या झोक्यावर उपाय काय, तर बेअरिंगची गोलाई जाणूनबुजून बिघडवायची! बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर पातळ पत्र्या ठेवून आतून गोल कातायचे, आणि मग पत्र्या काढून टाकून ते भाग जुळवायचे. आतली जागा आडवी लांबट, लिंबासारखी होते. आता दांडा मध्यभागी असला तरी वर आणि खाली दोन्हीकडे त्याला निमुळती फट मिळते. दोन पाचरी दोन्ही अंगांनी त्याला धरून ठेवतात. याहून पुढची पायरी म्हणजे बेअरिंगचे तीन-चार किंवा पाच सुटे तुकडे करून प्रत्येकाला किंचित डुलू द्यायचे. दांडा जिकडे कलेल तसा तुकडा आपला कोन आपणच बदलून घेतो. कित्येक टनांचे वजन मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरते, आणि तरी टर्बाइनच्या आच्छादनावर उभे केलेले नाणे पडत नाही, असे काका अभिमानाने सांगत होते. नाण्याची गोष्ट त्यांनी स्वतः करून पाहिली होती की नाही, हे विचारायचे मी टाळले.

पुढच्या रविवारी लाटणे, बांगडी आणि जळकी पट्टी पिशवीत घालून मी पुन्हा दांडीला गेलो. तांडेल ओट्यावर जाळे विणत बसले होते. मुलगा आत, दाराशी. वहिनींनी पाणी आणून दिले आणि त्याही चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. वर्गात पन्नास मिनिटे बोलण्याची सवय असलेला मी. त्या दिवशी दहा मिनिटांत सगळे सांगून झाले. बांगडी दाखवली, पाचर सांगितली, बाकीची बेअरिंगे शाबूत असल्याचे सांगितले. शेवटी म्हणालो, “तेल होते, तांडेल. पोराची चूक नाही. मिस्त्रीने खाच पाडली, त्याने झाले.”

तांडेलांनी पट्टी हातात घेतली. अंगठ्याच्या नखाने त्या खाचेतून एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे ओढून पाहिले.

“मिस्त्रीला बोलू नका, मास्तर,” ते म्हणाले. “तो नको म्हणत होता. खालच्या पट्टीला हात लावत नाहीत, म्हणाला. मीच त्याला म्हटले, पाड. मीच शेजारी उभा राहून पाडून घेतली.”

कुणी काही बोलले नाही. वहिनी आत गेल्या. मीही जाळ्याच्या गाठींकडे पाहत बसलो. अशा वेळी काय बोलावे, हे एम. ए.ला शिकवत नाहीत. मुलाने तेवढ्यात उठून दिवा लावला, इतकेच मला आठवते.

दिवाळी तशीच गेली. इंजिन बंदच होते. ओरखडे पडलेला दांडा घासून आणायला दिला होता आणि घासल्यावर तो जेवढा बारीक झाला त्या मापाच्या नव्या पट्ट्या मागवल्या होत्या. त्या बसवण्याच्या दिवशी विद्यार्थ्याने मला मुद्दाम बोलावून घेतले. नव्या दांड्यावर त्याने मेणासारख्या मऊ प्लॅस्टिकचा एक बारीक धागा आडवा ठेवला, पट्टी बसवून बोल्ट मापाने आवळले आणि पुन्हा सोडले. धागा चपटा झाला होता. तो जितका जास्त पसरला असेल तितकी फट कमी. त्याच्या वेष्टनावर छापलेल्या पट्ट्यांशी ताडून ती मोजायची. दांडा साठ मिलिमीटरचा होता. तांडेल शेजारी विजेरी धरून उभे होते, आणि त्यांनी खालच्या पट्टीवरून आधीच दोनदा नख फिरवून घेतले होते.

मुलाने वेष्टन धाग्याशी लावले, वाकून पाहिले.

“किती?” तांडेलांनी विचारले.

“सहा शतांश.”

“पुन्हा बघ,” ते म्हणाले, आणि विजेरी आणखी जवळ धरली.